दवाखान्याच्या चौकातले दोन दिवे

दिवाबत्ती विभागात तिला सगळे जपूनताई म्हणत. पगाराच्या कागदावर तिचं नाव वेगळं होतं, पण ते पगाराच्या दिवसापुरतंच. कुणी जागेवरून उठलं की हिच्या तोंडून "जपून" निघालंच म्हणून समजावं. शिडी चढणाऱ्या वायरमनला म्हणे ते ठीक, पण चहाला म्हणून जिना उतरणाऱ्यालाही म्हणे. एकदा तर फोन ठेवता ठेवता बांधकामच्या मोठ्या साहेबांना सवयीने "जपून ठेवा" म्हणून गेली. तेव्हापासून हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

भीती तिच्या स्वभावातच होती. घराचं कुलूप लावल्यावर ओढून बघायचं, जिना उतरायचा, आणि परत वर जाऊन आणखी एकदा ओढून बघायचं. नवरा शहराच्या बसवर ड्रायव्हर. तो घरी येईपर्यंत हिचं निम्मं लक्ष दाराच्या कडीकडे. सासूबाई खाटेवर बसल्या बसल्या म्हणायच्या, "अगं, तो बस चालवतो, वाघ नाही. येईल."

"येतील हो. पण उशीर झालाय."

"उशीर झाला तर उशिरा येईल."

तरी ती खिडकीशी जाऊन उभी राहायचीच.

अशा बाईच्या वाट्याला काम मात्र असं आलं होतं, की दुसऱ्या कुणाची त्याने झोप उडाली नसती आणि हिची रोज उडे. शहरातल्या कुठल्या चौकात दिवे हवेत, किती हवेत, खांब नेमके कुठे रोवायचे, हे ठरवून नकाशे करणं हे तिचं काम. दिव्यांसाठी निधी वरून यायचा आणि त्याची एक अट असायची. पोलिसांकडून अपघातांची माहिती मागवायची, आणि ज्या चौकात अंधारात माणसं गेली असतील त्यालाच आधी पैसे. जिथे अजून कुणी गेलं नाही तो चौक कितीही काळोखा असला तरी त्याने थांबायचं. एकदा एक नगरसेवक तणतणत आला होता. "माझ्या वॉर्डात कुणी मेलं नाही, यात माझा काय दोष?" टेबलाटेबलावर लोक तोंड लपवून हसले. जपूनताईला हसू आलं नाही. चौकाच्या नावापुढे अपघात लिहिताना तिचं पेन दरवेळी थोडं थांबे. या यादीत चढायला चौकात निदान कुणीतरी गेलेलं लागतं, हे तिला कधी सवयीचं झालं नाही.

त्या वर्षी सहा चौकांना निधी मिळाला आणि त्यात पहिला होता दवाखान्याचा चौक. एका बाजूला मोठा सरकारी दवाखाना, त्याची लांबलचक भिंत आणि भिंतीमागची दाट झाडं. समोरच्या बाजूला औषधांची दुकानं, खाणावळी, बसचा थांबा. रस्त्याच्या एका टोकाला पूल, दुसऱ्या टोकाला बाजार. पेशंट अलीकडे आणि औषध पलीकडे, त्यामुळे संध्याकाळ झाली की हातात थर्मास, डबा, औषधाची चिठ्ठी घेतलेली माणसं या रस्त्यावरून सारखी ये-जा करत. ती माणसं घाईत असत आणि त्यांचं डोकं ठिकाणावर नसे. मागल्या वर्षी बायकोला दूध घेऊन निघालेला एक माणूस तिथे गाडीखाली गेला होता. त्याच्याआधी आणखी एक.

दिवे लावण्यातली एक साधी गोष्ट जपूनताई नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला शिकवायची. रस्ता ओलांडायच्या पांढऱ्या पट्ट्यांवर दिवा बरोबर डोक्यावर नको आणि पलीकडे तर नकोच नको. गाडी ज्या बाजूने येते त्या बाजूला, पट्ट्यांच्या थोडा अलीकडे खांब हवा. म्हणजे उजेड चालणाऱ्याच्या त्या अंगावर पडतो, जे अंग ड्रायव्हरला दिसणार असतं. खांब पलीकडे गेला तर उजेड माणसाच्या पाठीमागे पडतो, रस्ता चकाकतो आणि माणूस मात्र काळा राहतो. हे ती इतक्या वेळा सांगायची की विभागातले लोक तिच्या मागे तिच्याच आवाजात म्हणून दाखवत.

नकाशा केला तिने, टेंडर निघालं, खांब आले. वर्षअखेर जवळ आली होती. या पहिल्या चौकाचं काम संपल्याचा दाखला वेळेत गेला नाही तर पुढच्या पाचांचेही पैसे परत जाणार, म्हणून सगळ्यांची धावपळ उडाली. खड्डे खणून झाले, खांब उभे राहिले, फीत कापली, तिथल्या नगरसेवकाने बटण दाबलं आणि चौकात लख्ख उजेड पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी त्याच संध्याकाळी दाखला रवाना केला आणि जपूनताईला म्हणाले, "ताई, आता जरा निवांत झोपा." ती खरंच झोपली.

आठवडाभराने घरात सगळे जेवायला बसले होते. नवरा ताटावर बसला की आधी थोडा वेळ गप्प राहायचा, दिवसभराच्या हॉर्नचा आवाज कानातून निघून जाईपर्यंत. मग बोलायचा.

"तुमच्या दवाखान्याच्या चौकात दिवाळी केलीत की उजेडाची."

"कसा वाटला?" तिने खूश होऊन विचारलं.

"उजेड झकास आहे. माणसं तेवढी दिसत नाहीत."

सासूबाईंना ऐकायला कमी येई, पण नको ते बरोबर ऐकू येई. "काय दिसत नाही?"

"माणसं, आई."

"मग उजेड कशाला केला?"

"तुझ्या सुनेला विचार."

जपूनताई हसली. "थट्टा पुरे झाली. भाजी घ्या."

"थट्टा नाही गं." त्याने घास हातातच धरला. "पाय दिसतात. पट्ट्यांवरून पाय चालत जाताना दिसतात, वर बघावं तर कुणी नाही. मागे ती झाडं, काळीकुट्ट. अगदी जवळ गेलं की एकदम तिथे माणूस उभा. काल माझ्या अंगावर काटा आला. पुलाकडून यायचो तेव्हा बरं होतं म्हणायची पाळी आली."

तिचा हात भाजीच्या भांड्यावर थांबला. "पुलाकडून यायचात म्हणजे?"

"म्हणजे काय? वन-वे उलटा केला नाही का ट्रॅफिकवाल्यांनी. आता आम्ही बाजाराकडून येतो आणि पुलाकडे जातो. केव्हापासून घरात बोंब मारतोय मी. तू 'हं, हं, हात धुऊन घ्या' म्हणतेस."

खरं होतं ते. रोज रात्री तो या उलट्या वळणाच्या नावाने खडे फोडायचा. ती ऐकत असायची, पण घरातलं माणूस कामावरून येऊन कुरकुर करतं ती ऐकावी तशी ऐकायची. ते एका बस ड्रायव्हरचं गाऱ्हाणं होतं. दिवाबत्ती विभागात, तिच्या टेबलावर, तिच्या नकाशावर तोच रस्ता आहे हे तिच्या मनात एकदाही आलं नव्हतं.

तिने भांडं खाली ठेवलं.

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

"काही नाही."

"चेहरा बघ की आरशात. काही नाही म्हणे."

सासूबाई म्हणाल्या, "मीठ जास्त झालंय, ते कळलं असेल तिला."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिने पिशवी खुर्चीला अडकवायच्या आधी कॉम्प्युटर सुरू केला. त्यांच्या विभागात नकाशा कधी कोऱ्यावरून होत नसे. चौकाचा जुना नकाशा घ्यायचा, त्यावर खांब बसवायचे. रस्त्यावर गाड्या कुठून कुठे जातात ते दाखवणारे बाण एका वेगळ्या थरात असत आणि तो थर बंद ठेवून काम करायची विभागाची जुनी रीत होती, कारण साहेबांना प्रिंट स्वच्छ लागे. शेवटी थर उघडायचा, जागेवर जाऊन बाण खरे आहेत का ते ताडून बघायचं, असं ठरलेलं होतं. जपूनताई जागेवर गेली होती. पण गेली होती सुरुवातीला, वन-वे बदलायच्या आधी. नंतर वर्षअखेरीच्या घाईत परत गेलीच नाही. कुलूप दोनदा ओढून बघणारी बाई इथे एकदा बघून मोकळी झाली होती.

तिने बाणांचा थर उघडला. बाण पुलाकडून येत होते. दवाखान्याच्या भिंतीकडचे दोन खांब त्या बाणांना अगदी नीट जुळत होते. पुस्तकात दाखवावेत असे. म्हणजे आता बाजाराकडून येणाऱ्या गाड्यांना ते बरोबर पट्ट्यांच्या पलीकडे पडत होते.

शेजारच्या टेबलावरून कुणीतरी विचारलं, "ताई, चहा?" तिने मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून हे त्यालाही कळलं नाही आणि तिलाही नाही.

साहेब स्वभावाने चांगले होते. निवृत्तीला आले होते आणि शेवटचं वर्ष कुठलाही कागद अंगावर न येता जावं, एवढीच त्यांची इच्छा होती. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला आणि परत घातला नाही.

"ताई, दाखला गेलाय."

"माहीत आहे, साहेब."

"पुऱ्या झालेल्या कामात चूक आहे असं आपणच लिहून पाठवलं तर काय होईल माहीत आहे? चौकशी लागेल. आणि चौकशी संपेपर्यंत उरलेल्या पाच चौकांचा निधी अडकेल. तिथेही माणसंच चालतात ना? यादी तुम्हीच केलीत. कुठल्या चौकात कोण गेलं ते माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त पाठ आहे."

तिला पाठ होतं.

"ड्रायव्हर लोकांना होईल हळूहळू सवय," साहेब म्हणाले. "पुढच्या वर्षीच्या तरतुदीत खांब हलवू. आणि तुम्ही एवढ्या घाबरू नका. तुम्ही घाबरलात की मलाही भीती वाटायला लागते."

ती बाहेर आली. पुढच्या वर्षीची तरतूद. त्या मधल्या दिवसांत किती संध्याकाळी येतात ते तिने मोजायला घेतलं आणि सोडून दिलं. एक गोष्ट तिच्या डोक्यातून जाईना. त्या रस्त्यावर सगळ्या बसगाड्या जातात, पण तिच्या डोळ्यांपुढे एकच बस येत होती आणि तिच्या स्टिअरिंगवरचे हात ओळखीचे होते.

त्या संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर ती घरी गेली नाही. बाजारापाशी नवऱ्याच्या बसची वाट बघत उभी राहिली. बस आली तशी पुढच्या दाराने चढली आणि ड्रायव्हरच्या शेजारची पहिली सीट धरून बसली.

नवऱ्याने आरशातून पाहिलं. "आज इकडे कुठे?"

"सहज."

"सहज कुणी या गर्दीत चढतं का? तिकीट काढ. आमचा कंडक्टर सख्ख्या आईला सोडत नाही."

"काढते."

"चौक बघायला आलीस."

तिने पर्समधून सुटे पैसे काढले. बसमध्ये माणसं दाटीवाटीने उभी होती. कुणी मोबाइलवर भांडत होतं, कुणाची पिशवी दुसऱ्याच्या गुडघ्याला लागत होती. बाहेर आकाशात थोडा उजेड होता, पण रस्त्यावर तो पोचत नव्हता. शेवटचं वळण घेऊन बस दवाखान्याच्या रस्त्याला लागली.

पुढे तिचा चौक होता. नव्या दिव्यांखाली रस्ता दुधासारखा पांढरा दिसत होता. कुणालाही वाटावं की एवढ्या उजेडात सुई पडली तरी सापडेल. त्या पांढऱ्या चौकोनामागे झाडांची काळी भिंत. तिने डोळे ताणून पट्ट्यांकडे पाहिलं. कुणीच नव्हतं. रस्ता मोकळा होता.

मग तिला पाय दिसले. दोन पाय, उघड्या पोटऱ्या, हळूहळू चालत होते. गुडघ्यांच्या वर झाडांच्या काळोखाशिवाय काही नव्हतं. ते पाय रस्त्याच्या मध्यावर थांबले. एक पाय मागे गेला. आणि मग पायही दिसेनासे झाले, फक्त पट्ट्यांवर एक गोळा उरला, एखादी पिशवी पडलेली असावी तसा.

"अहो," ती म्हणाली.

नवऱ्याने आधीच ब्रेकवर पाय रोवला होता. बस किंचाळली, अख्खी बस पुढे झुकली, मागून शिव्या आल्या, कुणाचा तरी डबा फरशीवर आपटून लांबवर गडगडत गेला. जपूनताईचं कपाळ समोरच्या दांड्यावर आदळलं. काचेपुढे तो गोळा उठून उभा राहिला आणि बसच्या दिव्यांत त्याला चेहरा मिळाला. पन्नाशीचा माणूस होता, काळा सदरा घातलेला, हातात चप्पल. चपलेचा अंगठा तुटला म्हणून ती उचलायला वाकला होता. तो तोंड उघडं टाकून बसकडे बघत होता. मग तो एका पायात चप्पल आणि एक हातात, असा दवाखान्याच्या फाटकाकडे निघून गेला. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही त्याने.

कंडक्टर ओरडला, "काय झालं रे?"

"काही नाही. बसा सगळे," नवरा म्हणाला.

त्याचे हात स्टिअरिंगवर होते तसेच होते. पण ब्रेकवरच्या पायाचा गुडघा एकसारखा उडत होता. त्याने एक हात काढून गुडघ्यावर दाबून धरला. तिने लग्नाला इतकी वर्षं झाली तरी त्याला घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. घरात भ्यायचं काम तिचं एकटीचं होतं. तो तिला हसायचा आणि त्याच्या हसण्यावर तिची भीती निभावून जायची.

"दिवसातून कितीदा इथून जातो मी," तो हळूच म्हणाला, तिच्याकडे न बघता. "एखाद दिवशी नाही लागायचा ब्रेक."

त्या रात्री दोघांपैकी कुणी नीट जेवलं नाही. सासूबाईंनी विचारलं, "आज कोण वारलं?" तर नवरा म्हणाला, "कुणी नाही, आई." आणि त्याने 'कुणी नाही' हे दोन शब्द अशा काही सुरात म्हटले की म्हातारीनेही ताट बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जपूनताईने वायरमनला बोलावलं. हा वायरमन विभागातला सगळ्यात जुना माणूस, पायाने अधू झालेला, तरी खांबावर सगळ्यांच्या आधी चढायचा.

"दवाखान्याच्या चौकातले भिंतीकडचे दोन दिवे बंद करायचे."

"बंद?" त्याला वाटलं ताईची जीभ घसरली. "चालू आहेत ते. नवेकोरे आहेत."

"चालू आहेत म्हणूनच बंद करायचे."

"ताई, परवा परवाच फीत कापली. हारसुद्धा सुकला नसेल खांबावरचा."

"दादा, चूक झालीय. उजेड माणसांच्या मागे पडतो. त्यापेक्षा ते दोन दिवे नसलेले बरे. गाड्यांचे दिवे तरी अंगावर पडतील, ड्रायव्हर अंधार बघून वेग कमी करतील. बाकीचे दिवे राहू देत. फक्त हे दोन."

वायरमनने डोकं खाजवलं. "साहेबांचा हुकूम आहे?"

आयुष्यात तिने वरच्याला न विचारता खुर्चीसुद्धा हलवली नव्हती. दुरुस्तीसाठी दिवा बंद करायला सांगायचा अधिकार तिला होता, पण अधिकार असणं आणि तो वापरणं यांत तिच्या बाबतीत फार अंतर होतं.

"माझा आहे," ती म्हणाली.

त्याने पकड आणि हातमोजे उचलले आणि तो निघाला. दारात थांबला. "तुम्ही आज 'जपून' म्हणाला नाहीत," म्हणाला आणि गेला.

त्या संध्याकाळी दोन दिवे लागले नाहीत आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन सुरू झाले. दवाखान्यातून, औषधवाल्यांकडून, आणि मग नगरसेवकाचा. त्याचा आवाज साहेबांच्या फोनमधून बाहेर पडून सगळ्या खोलीत फिरत होता. लोकांच्या पैशाचे दिवे, पंधरवडा झाला नाही तोवर बंद, माझं तोंड काळं केलंत, असं बरंच काही. साहेब फोन कानापासून लांब धरून "हो, हो" म्हणत होते. फोन ठेवून त्यांनी जपूनताईला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

ती उभीच राहिली.

"काय केलंत हे, ताई?"

"परवा माझ्या डोळ्यांसमोर एक माणूस वाचला, साहेब. एका वितीने. बस माझ्या घरातला माणूस चालवत होता."

साहेबांनी टेबलावरचं पेपरवेट या बाजूचं त्या बाजूला ठेवलं.

"मी काल पुष्कळ विचार केला," ते म्हणाले. "दोन रस्ते आहेत. योजनेतच चूक आहे असं म्हटलं तर सगळी योजना थांबते, पाचही चौक थांबतात. आणि एका माणसाच्या हातून नकाशात चूक झाली असं म्हटलं तर योजना चालू राहते. थांबतो तो माणूस. चौकशी, पगारवाढ बंद, काय काय होईल मी सांगू शकत नाही. कदाचित काही होणारही नाही. पण भीती वाटेल."

"ती वाटतेच आहे," ती म्हणाली.

"हं. ते खरं."

"खांब कधी हलतील?"

"तुम्ही लिहून दिलंत तर देखभालीच्या पैशातून लगेच काम काढतो. वरच्यांना विचारावं लागणार नाही. नवे खड्डे, नवी वायर, पंधरवडा धरा. माझा शब्द."

"आणि तोवर दिवे बंद ठेवायचे."

"तोवर नगरसेवक माझं डोकं खाणार." ते कसनुसं हसले. "असू दे. निवृत्तीनंतर खायला उरणार नाही तेवढंच."

तिने कागद घेतला. चौकाचं नाव लिहिलं. वाहतुकीची दिशा बदलल्याचं आपल्याला माहीत होतं, तरी आपण नकाशा बदलला नाही आणि जागेवर जाऊन खात्री केली नाही, असं लिहिलं. 'माहीत होतं' हे शब्द लिहिताना तिला क्षणभर वाटलं, हे न लिहिलं तरी कुणाला कळणार आहे? घरात जेवताना ऐकलेली गोष्ट, तिचा साक्षीदार कोण? पण मग ते बसमधले हात तिच्या डोळ्यांपुढे आले आणि तिने ते तसंच ठेवलं. सही करताना हात इतका कापला की अक्षरं कागदावरून घसरून खाली गेली.

साहेबांनी सही बघितली. "ही बँकेत नाही चालायची."

"दुसरी करू?"

"नको. हीच खरी आहे."

संध्याकाळी ती परत चौकात गेली. कुणी जायला सांगितलं नव्हतं. घरी जाऊन खिडकीशी उभं राहणं त्या दिवशी तिला जमणार नव्हतं, एवढंच. दोन खांब काळोखात उभे होते आणि वायरमनने त्यांच्यावर 'काम चालू' अशी पाटी बांधली होती. चौकाचे बाकीचे दिवे लांबून अर्धवट उजेड देत होते. गाड्या बाजाराकडून येत आणि पट्ट्यांच्या आधी हळू होत. सगळ्याच होत नसत. एक मोटरसायकल न थांबता सुसाट गेली तशी जपूनताईने डोळे मिटून घेतले. डोळे उघडायला तिला धीर होईना. आपण बरोबर केलं की काळोखात आणखी काळोख केला, हे कुठल्या नकाशात लिहिलेलं नव्हतं.

फुटपाथच्या कठड्याशी माणसं जमत, थोडी थांबत, शिव्या घालत आणि ओलांडून जात. तिच्यासमोरच शिव्या घालत. त्यांना काय माहीत ही कोण?

एक म्हातारी बाई तिच्याजवळ येऊन थांबली. एका हातात थर्मास, दुसऱ्या हातात औषधाची पिशवी, पाठीला थोडा बाक. तिने पट्ट्यांकडे पाहिलं, काळ्या खांबांकडे पाहिलं आणि जपूनताईकडे वळून म्हणाली, "परवापर्यंत इथे दिवसासारखा उजेड होता. मुलाला ॲडमिट केलंय माझ्या, तीनदा जा-ये करावी लागते. कुणी घालवले हे दिवे?"

जपूनताईला वाटलं, माहीत नाही म्हणावं. विभागाने म्हणावं. दुरुस्ती आहे म्हणावं, पाटीवर तसंच लिहिलंय.

"मी," ती म्हणाली.

म्हातारीने तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "तू? का?"

"चुकीच्या जागी लावले होते. तेही मीच. दिवे होते, पण ड्रायव्हरला तुम्ही दिसत नव्हतात. आता दुसऱ्या बाजूला लावणार आहोत."

"कधी?"

"पंधरा दिवसांनी."

"आणि तोवर आम्ही काय करायचं?"

जपूनताईने बाजाराकडून येणाऱ्या गाड्यांकडे पाहिलं. म्हातारी तिच्या तोंडाकडे बघत राहिली, रागावून की आणखी कशाने ते कळेना.

"तूच घालवलास ना उजेड? मग मला पलीकडे नेऊन सोड," ती म्हणाली आणि पिशवीचा हात जपूनताईच्या हातात अडकवला.

दोघी पट्ट्यांवर उतरल्या. बाजाराकडून एक बस येत होती. जपूनताईला तिचा नंबर वाचता येईना, कुणाची आहे ते कळेना आणि कळून घ्यायची तिची हिंमतही नव्हती. तिने म्हातारीचा हात घट्ट धरला. बस लांबूनच हळू झाली, आणखी हळू झाली, आणि पट्ट्यांच्या बऱ्याच अलीकडे फुस्स करून थांबली. तिचे दिवे या दोघींवर पडले. म्हातारीने डोळ्यांवर थर्मास धरला.

"चल की," ती म्हणाली. "थांबलाय तो. दगडासारखी उभी काय राहिलीस?"

जपूनताईने पाऊल उचललं, मग दुसरं. दवाखान्याच्या फाटकापाशी पोचल्यावर म्हातारी म्हणाली, "आता सोड हात. मला थर्मास धरायचाय नीट." तरी तिची बोटं लगेच सुटली नाहीत. मग सुटली. म्हातारी आत गेली, आणि पलीकडच्या कठड्याशी पिशव्या घेतलेली आणखी तीन-चार माणसं येऊन थांबलेली दिसली, तशी जपूनताई दोन्हीकडे बघून परत पट्ट्यांवर उतरली.